टाइप वन डायबेटिस असताना उपवास: फराळाचा धरावा की संध्याकाळी सोडायचा?

श्रावण जवळ आला की टाइप वनवाल्यांच्या घरात हा विषय निघतोच, उपवास फराळ करून धरावा की दिवसभर पाण्यावर राहून संध्याकाळी सोडावा. मी दोन्ही करून बघितलेत म्हणून लिहितोय. पण आधीच सांगतो, डॉक्टरनी नको म्हटलं असेल तर नको. प्रेग्नन्सी असेल, किडनीचा त्रास असेल, साखर लो झालेली कळतच नसेल, किंवा केटोॲसिडोसिस (इन्शुलिन कमी पडून रक्तात आम्ल वाढणं) होऊन नुकतंच ॲडमिट व्हायला लागलं असेल तर दोन्हीतला एकही धरू नका, देवाला सगळं कळतं.

फराळाचा उपवास ऐकायला सेफ वाटतो. पोटात काहीतरी जातंय, घरच्यांना घोर नाही, इन्शुलिनही नेहमीसारखं चालू. आमच्या बेळगाव-खानापूर भागात रताळ्यांना तोटा नाही, शिवरात्रीच्या आधी तर बाजारात ढीग लागतात. शेजारच्या कन्नड घरात उपवासाला अवलक्की नाहीतर उप्पिट्टू करतात, आपल्यात ते चालत नाही, आपल्यात शाबू. आणि माझं गाडं शाबूपाशीच अडलं.

शाबू म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, कोरड्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कार्ब आणि प्रोटीन अगदी नावाला. तरी नुसता शाबू असता तर हिशोब बसवता आला असता, पण खिचडीत तूप येतं, शेंगदाण्याचा कूट येतो, बटाटा येतो, आणि मग साखर चढते ती कधी चढणार याचा नेम राहत नाही. जेवणाचं इन्शुलिन तासा-दोन तासात जोरात काम करून चार-पाच तासात आवरतं, खिचडीतलं तूप आणि कूट मात्र मागं रेंगाळत राहतं. म्हणजे दीड-दोन तासांनी मीटरवर आकडा छान दिसतो, मला वाटतं जमलं, आणि तिसऱ्या प्रहराला तीच साखर अडीचशेच्या पुढं. मग करेक्शन, म्हणजे साखर उतरवायला जादा इन्शुलिन, घ्या. तेवढ्यात दुपारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी आलेली असते, त्याचं इन्शुलिन वेगळं, संध्याकाळी रताळ्याचे काप, त्याचं वेगळं, आणि एकावर एक इन्शुलिन साठत जाऊन रात्री झोपेत लो. शिवाय भिजवलेला शाबू किती फुगलाय त्यावर वाटीचा हिशोब बदलतो, आईच्या हातची वाटी वेगळी आणि मावशीच्या घरची वेगळी, आणि मावशी "उपवासाचं हलकं असतंय, घे की अजून" म्हणत वाढतच राहते. तिच्या मायेला नाही म्हणवत नाही आणि डोस तर आधीच टोचलेला असतो. एरवी भाकरी-भाजीच्या दिवशी मला इतकं मोजावं लागत नाही जितकं उपवासाला लागतं, आणि सगळं लक्ष त्या आकड्यात अडकल्यावर देवाचं नाव कधी घ्यायचं? मला याच गोष्टीचा सगळ्यात त्रास झाला. राजगिरा, ताक, थोडी फळं एवढ्यावर राहणाऱ्यांचं बरं चालत असेलही, पण आमच्यात फराळ म्हटलं की शाबूच पुढं येतो.

दुसरा प्रकार म्हणजे सोमवारचा किंवा संकष्टीचा उपवास, दिवसभर पाणी आणि बिनसाखरेचा चहा, आणि संध्याकाळी जेवून सोडायचा. इथं जेवणाचं इन्शुलिन नाही, फक्त बेसल, म्हणजे दिवसभर संथ काम करणारं इन्शुलिन. बेसल मात्र अजिबात चुकवायचं नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच, कारण काही न खाल्लं तरी लिव्हर साखर सोडत राहतं आणि इन्शुलिन नसलं की किटोन (चरबी जळून रक्तात साठणारं आम्ल) वाढतात. "आज खाल्लं नाही, मग इंजेक्शन कशाला" असं म्हणणारे घरातच भेटतात, त्यांचं ऐकायचं नाही. डोस थोडा कमी करायचा का आणि किती, ते डॉक्टर सांगतील तसं.

बेसल नीट बसलेलं असेल तर न खाता साखर दिवसभर साधारण एका पातळीत राहते, ३० च्या आत वर-खाली. माझी राहते. मी दोन-तीन तासांनी चेक करतो, गाडीवर बसायच्या आधी तर हमखास, आणि मधला वेळ खरंच मोकळा मिळतो, कपिलेश्वराला जाऊन शांत बसता येतं. बेसलचा डोस बरोबर आहे का हेही त्या दिवशी आपसूक कळतं.

लो झाली तर? ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत चेक, गरज पडली तर परत तेवढंच. आणि आपल्या उपवासाला साखर चालतेच, केळं चालतं, त्यामुळं जीव वाचवताना उपवास मोडला असं मनाला लागत नाही. रोजा धरणाऱ्या मित्राला तशी सोय नाही, त्याला ग्लुकोज घेतलं की रोजा सोडावाच लागतो, पण आजाऱ्याला त्यांच्यातही सूट दिलेलीच आहे. ३०० च्या वर गेली, किंवा उलटी, पोटदुखी सुरू झाली, किंवा पट्टीवर किटोन दिसले तर उपवास तिथंच थांबवायचा आणि डॉक्टरला फोन लावायचा.

आता माझी आवड सगळ्यांना बसेल असं नाही. प्रीमिक्स म्हणजे ३०-७० वर असाल तर दुसरा प्रकार तुमच्यासाठी नाहीच, त्यात जेवणाचं इन्शुलिन मिसळलेलंच असतं, ते टोचून उपाशी राहता येत नाही. दिवसभर शेतात राबणाऱ्यानं आणि लहान पोरांनीही तो धरू नये असं मला वाटतं. संकष्टीला चंद्रोदय नऊच्या आसपास, कधी त्याच्याही पुढं, तेवढं धरून चाला. एकादशी आणि शिवरात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सुटते, रात्र रिकाम्या पोटी काढणं मला पटत नाही, तिथं मी रात्री कपभर दूध आणि केळं घेतो, कार्ब मोजायला सोपे आणि तुपाची भानगड नाही. नवरात्रात नऊ दिवस धरायच्या ऐवजी घट उठता-बसता दोनच दिवस.

सोडतानाचं ताट मात्र सांभाळा. दिवसभराच्या भुकेनं भात जरा जास्तच वाढून घेतला जातो, त्यात वर गोड. मी आधी साखर बघतो, काय किती खाणार ते ठरवतो, इन्शुलिन घेतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी पानावर बसतो, झोपायच्या आधी परत एकदा चेक. पहिल्यांदा धरणार असाल तर श्रावणाच्या आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी, घरात कुणीतरी असताना, डॉक्टरना विचारून सकाळचं खाणं तेवढं सोडून बघा आणि ते आकडे लिहून त्यांना दाखवा.