खुर्ची वर-खाली करायला गॅस बरा की स्क्रू?

दुकानदार हमखास सांगतो, "ही हायड्रॉलिक आहे." ती नसते. पायाने पंप मारत वर चढवायची सलूनमधली खुर्ची हायड्रॉलिक. तिच्यात तेल असतं. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीच्या नळकांड्यात दाबून भरलेला नायट्रोजन असतो. सीटखालची दांडी ओढली की आतली झडप उघडते. बसलेले असाल तर तुमच्या वजनाने खुर्ची खाली जाते, जरा उठलात की वर येते, आणि दांडी सोडाल तिथे थांबते.

स्क्रूची यंत्रणा म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यातलं स्टूल. जाड आटे, सीट गोल फिरवा, वर चढते. यात बिघडण्यासारखं फारसं नाही. कुरकुरली तर ग्रीस लावा, झिजली तर थोडी डुगडुगेल. पण साध्या स्टुलात बसल्या बसल्या वळलं की उंचीही बदलते. एकाच खुर्चीवर दिवसा तुम्ही आणि संध्याकाळी मुलगी बसणार असेल, तर चार दिवसांत कंटाळाल.

गॅसचं दुखणं वेगळं. आतलं सील झिजलं की खुर्ची हळूहळू बसते. माझी सकाळी ठीक असायची, जेवणानंतर टेबल हनुवटीला! गॅस पुन्हा भरता येत नाही, अख्खा सिलिंडर बदलावा लागतो. तो निमुळत्या टोकांवर नुसता घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे रबरी हातोडीने ठोकून निघतो. नवा आणताना जुन्याची जाडी आणि लांबी मोजून न्या. वजन जास्त असेल तर क्लास 4, म्हणजे जास्त मजबूत श्रेणीचा सिलिंडर मागा, त्याच्या नळीचा पत्रा जाड असतो. फोडायचा किंवा भोक पाडायचा प्रयत्न मात्र अजिबात नको, आत दाब असतो. मी तात्पुरता पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून सिलिंडरच्या दांड्याभोवती बसवला. उंची कायमची एकच झाली, पण खचणं थांबलं.

पाठ टेकायची खुर्ची स्क्रूवर आता सहसा मिळत नाही. जुन्या फर्निचरवाल्याकडे सापडली आणि बसणारे तुम्ही एकटेच असाल, तर खुशाल घ्या. बाकी सगळ्यांनी गॅसच. फक्त दुकानात "वर किती जाते" याऐवजी "खाली किती येते" ते विचारा आणि बूट काढून बसून बघा. आपली टेबलं साधारण 75 सेंटीमीटरची. बुटक्या माणसाने टेबलासाठी खुर्ची चढवली की पाय लोंबकळतात, मग पायाखाली पाट घ्यावा लागतो.