विहिरीत मिळालेलं साइडमाउंटचं कार्ड

"कोर्सबिर्स कशाला दादा? ओपन वॉटर झालंय की तुमचं. पाठीवरची टाकी काखेत घ्यायची, एवढंच साइडमाउंट. दोन दिवसांत शिकवतो, वर कार्ड बी देतो."

मला नेमकं हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्यामुळं निम्मा दोष माझा, हे आधीच कबूल करून टाकतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. मालवणला स्कूबा डायव्हिंगचं पहिलं, म्हणजे ओपन वॉटरचं कार्ड काढलं, नंतर दहा-बारा डाइव्ह झाले. मग मणक्याची गादी सरकली आणि पाठीवर टाकी घेऊन हलत्या बोटीत उभं राहणं जमेना. साइडमाउंटमध्ये दोन टाक्या दोन्ही कुशींना असतात आणि पाण्यात उतरल्यावर एकेक करून अडकवता येतात. म्हणून ती ओढ. रीतसर शिकायचं तर वर्कशॉप बंद ठेवून चार दिवस बाहेरगावी राहायचं, शिवाय फी. यूट्यूबवर पोटभर व्हिडिओ बघून झाले होतेच. आणि खरं सांगायचं तर आमच्या पिढीनं पोहण्याचा कोर्स कधी केलाच नाही. पाठीला पत्र्याचा डबा बांधला, काकानं विहिरीत ढकललं, झालं शिक्षण.

हा गृहस्थ ओळखीतून भेटला. टी-शर्टवर मोठी अक्षरं, बोलण्यात थायलंड, मोबाइलमध्ये माशांबरोबरचे फोटो. ट्रेनिंगचे ३२,००० आणि हार्नेस (टाक्या अडकवायचे अंगावरचे पट्टे), क्लिपा वगैरे किटचे १४,६००. पैसे फोनवरून पाठवताना खात्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव आलं. "मेव्हण्याचं आहे," म्हणाला. मीही पाठवले.

जुलै महिना होता. मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत मालवणचं डायव्हिंग बंद असतं, म्हणून त्यानं उसाच्या मळ्यातली एक विहीर ठरवली. तुडुंब भरलेली, पाणी दुधाच्या चहासारखं. मी खाली, तो पायरीवर फोन लावून बसलेला. पाण्यात जोडीदार नाही, हे त्या वेळी खटकलंसुद्धा नाही.

सात-आठ मीटरवर मी डाव्या टाकीतून श्वास घेत होतो. हवा कमी झाली तशी ॲल्युमिनियमच्या टाकीची शेपटी वर उठायला लागली. टाकी रिकामी होताना हलकी होते, तेव्हा तिची खालची क्लिप पुढच्या रिंगवर सरकवायची असते. त्या गृहस्थाचा इलाज मात्र असा की कमरेला आणखी दोन किलो शिसं बांध. डावा गेज, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा, ४० बारवर आला तसा मी उजवा रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घ्यायचा ते तोंडाचं यंत्र, तोंडात घेतला. उजवा गेज २०० दाखवत होता. पहिला श्वास आला. दुसऱ्याला काटा धाडकन खाली पडला, तिसऱ्याला काहीच नाही. त्या टाकीचा व्हॉल्व्हच बंद होता. गेज तपासताना उघडून परत बंद केलेला, आणि होजमध्ये, म्हणजे नळीत, अडकलेल्या दाबावर काटा उभा होता. मी दिवसभर कॉम्प्रेसरवर काम करणारा माणूस. ही गोष्ट मला जमिनीवर कुणीही विचारली असती तर झोपेतसुद्धा सांगितली असती. पाण्याखाली काखेतला नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा तेच सुचेना. डावीकडं ४० बार होतेच, पण तो रेग्युलेटर तोंडातून सुटून पाठीमागं कुठंतरी गेला होता. तो हनुवटीखाली रबरी दोरीत अडकवलेला असायला हवा, हे मला पाच महिन्यांनी कळलं. मोटारीचा पाइप हाताला लागला म्हणून वर आलो.

"टेस्ट घेत होतो दादा तुमची," तो म्हणाला. आणि मी हसलो! त्याच संध्याकाळी कार्ड मिळालं. चकचकीत, नावात 'इंटरनॅशनल', आणि कार्ड नंबर म्हणून माझीच जन्मतारीख.

डिसेंबरात गोव्यात ते कार्ड पुढं केलं. तिथल्या इन्स्ट्रक्टर बाईंनी, वय असेल तीसच्या आत, कार्ड बाजूला ठेवून किट बघितलं आणि विचारलं, "काका, जोडीदाराची हवा संपली तर यातला कुठला द्याल?" मी आधी डावा उचलला, मग उजवा. दोन्ही होज आखूड. द्यायचा रेग्युलेटर साधारण २ मीटर लांब होजवर असतो, म्हणजे दोघांना नीट वर येता येतं. त्यांनी मला साइडमाउंटवर पाण्यात उतरू दिलं नाही. राग आला, पण तो विहिरीवाल्यावर यायला आणखी दोन दिवस लागले.

पुढं त्यांच्याकडंच शिकलो. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या साइडमाउंट कोर्सला ओपन वॉटर कार्ड आणि वयाची १५ वर्षं पूर्ण लागतात. पूलमधलं एक सत्र आणि समुद्रात तीन डाइव्ह. पहिला तास तर कोरड्यातच गेला, नुसता दोऱ्या आणि क्लिपांची उंची जुळवण्यात. यातल्या दोन टाक्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. एकीतली हवा दुसरीच्या रेग्युलेटरला मिळत नाही, म्हणून आलटून पालटून वापरून दोन्ही काटे जवळजवळ ठेवायचे. कुठलीही एक बाजू मेली तरी उरलेल्या टाकीत दोघांना वर आणण्याइतकी हवा हवी. व्हिडिओत मी हे पाहिलं होतं. डोळे मिटून व्हॉल्व्ह बंद करायचा, रेग्युलेटर बदलायचा, परत उघडायचा, हे वीसेक वेळा झाल्यावर हाताला कळलं.

तुम्ही निघालाच असाल तर पैसे द्यायच्या आधी इन्स्ट्रक्टरचा नंबर मागा आणि त्या संस्थेच्या वेबसाइटवर घालून बघा. तो साइडमाउंट शिकवू शकतो का, हे वेगळं विचारा. साधा ओपन वॉटर शिकवणारा आपोआप हे शिकवायला पात्र होत नाही. नंबर मागितल्यावर "विश्वास नाही काय?" असं ऐकू आलं तर चहा पिऊन उठा.

पैशांचं म्हणाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. नंतर चौकीत साहेबांनी विचारलं, "सर्व्हिस मिळाली का नाही?" मिळाली की, विहिरीत. शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, त्याचे कागद जमवतोय. विहिरीवाल्याचा फोन बंद आहे, मेव्हण्याचाही.

किटमधल्या चार स्टीलच्या क्लिपा त्यानं "इम्पोर्टेड" म्हणून प्रत्येकी ९०० ला लावल्या होत्या. परवा नीट बघितल्या. होजक्लिप! माझ्याच गल्लीत डझनानं मिळते. दोन आता लेथच्या कूलंटच्या पाइपला लावल्यात, एकीचा आटा आधीच गेलाय.