ऊर्जा फंड की एआय फंड?

बाजूला ठेवलेली रक्कम ऊर्जा कंपन्यांच्या फंडात घालावी की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, असा पेच ज्यांना पडला आहे, त्यांनी गेल्या वर्षीचा परतावा बाजूला ठेवून पडझडीची कारणे आधी पाहावीत.

ऊर्जेचे शेअर पुरवठ्यातील धक्क्यांवर वाढतात. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे ब्रेंट तेल (जागतिक बाजारात दराचा मापदंड मानले जाणारे कच्चे तेल) पिंपामागे १३९ डॉलरच्या आसपास गेले, महागाईपाठोपाठ व्याजदरही चढले आणि अमेरिकेतील सुमारे ५०० बड्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक त्या वर्षभरात सुमारे १९ टक्के घसरला, तरी हे शेअर मात्र वधारले. मागणी आटली की चित्र उलटते. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा वायदा (पुढच्या तारखेच्या खरेदीसाठी आज ठरणारा भाव) चक्क शून्याखाली गेला होता.

एआयचे शेअर दूरच्या नफ्याच्या अपेक्षेवर उभे असतात आणि व्याजदर चढले की अशा नफ्याची आजची किंमत घटते, म्हणून व्याजदरवाढ त्यांना अधिक झोंबते. २७ जानेवारी २०२५ रोजी डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्त एआय मॉडेलच्या धास्तीने एआयसाठीच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के कोसळला. (डेटा सेंटरची विजेची भूक पाहता वीजटंचाईही या शेअरना भोवू शकते.)

नियमित लाभांश आणि महागाईपासून थोडा आडोसा हवा असेल, तर ऊर्जा बरी. दहा वर्षे पैशाला हात लावायचा नसेल आणि मोठी घसरण निमूट सोसता येत असेल, तरच एआय.