नवा म्हणून घेतलेला स्टीअरिंग पंप जुना निघतो तेव्हा

जहाज बंदरात अडकलेलं असतं. स्टीअरिंग गिअरच्या, म्हणजे सुकाणू फिरवणाऱ्या यंत्रणेच्या, दोन पंपांपैकी एक बंद पडलेला असतो आणि मूळ कंपनी नव्या पंपासाठी कित्येक आठवड्यांची मुदत सांगते. अशा वेळी एखाद्या स्टॉकिस्टचा मेल येतो: तेच मॉडेल, न वापरलेलं, क्लास सर्टिफिकेटसह, परवा विमानाने पाठवतो. (क्लास म्हणजे जहाजं आणि त्यांचे भाग तपासून प्रमाणित करणारी संस्था.) किंमत मूळ कंपनीपेक्षा थोडीच कमी असते, कारण फारच स्वस्त दिलं तर कुणालाही शंका येईल. भाडं बुडत असल्याने खरेदीदार पूर्ण पैसे आगाऊ भरून टाकतो. पुढे काहीही निघालं तरी त्याच्या हातात काही उरत नाही.

असा पंप बहुतेक वेळा जहाजतोडणीच्या यार्डातून आलेला असतो. तो धुतलेला असतो, बाहेरचे सील बदललेले असतात, वरून रंग मारलेला असतो. जुना पंप विकणं हा गुन्हा नव्हे. तो उघडून, दुरुस्त करून, टेस्ट रिपोर्ट देऊन ‘रिकंडिशन्ड’ म्हणून विकणारे प्रामाणिक व्यापारी आहेत. फसवणूक होते ती त्याला नवा म्हणण्यात आणि दुसऱ्याच पंपाचं सर्टिफिकेट जोडण्यात. ते सर्टिफिकेट अनेकदा अस्सल असतं. क्लासच्या वेबसाइटवर नंबर टाकला की तो सापडतो आणि खरेदीदार निर्धास्त होतो. पण तो नंबर कागदाचा असतो, समोरच्या लोखंडाचा नव्हे. म्हणून सर्टिफिकेटवरचा, नेमप्लेटवरचा आणि बॉडीवर ठोकलेला, असे तीनही सीरियल नंबर जुळवून पाहावेत. बॉडीवरचा नंबर घासलेला किंवा पुट्टीने भरलेला दिसला तर तो माल उतरवूनच घेऊ नये.

पंप हातात आल्यावर आधी नेमप्लेटचे रिव्हेट पाहा. ते नवे चकचकीत असतील आणि शेजारी जुन्या भोकांच्या खुणा असतील, तर प्लेट बदललेली आहे. मग माउंटिंग फ्लँजची, म्हणजे पंप बोल्टने बसवायच्या कडेची, भोकं पाहा. एकदा बोल्ट आवळला की वॉशरची गोल खूण धातूत उमटते आणि रंगाखालीही नखाला लागते. शाफ्टच्या स्प्लाइनवर (दातांवर) एकाच बाजूला चमक असेल तर तो शाफ्ट फिरलेला आहे. पोर्टचं झाकण काढून आतलं तेल पांढऱ्या कापडावर घ्या. साठवणुकीचं संरक्षक तेल स्वच्छ असतं. वापरलेलं काळपट असतं आणि त्याला जळकट वास येतो.

हे पाहायचं राहून गेलं तरी पंप बसतो, चालतो आणि धक्क्यावरची चाचणी पासही होतो. खरा धोका यातच आहे. जहाज उभं असताना सुकाणूवर पाण्याचा जोर जवळपास नसतो, त्यामुळे झिजलेला पंपही ते सहज फिरवतो. सोलास या जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम मात्र जहाज पूर्ण ड्राफ्टला (पाण्यात सर्वाधिक खोल बुडालेलं), कमाल सेवा वेगाने पुढे जात असतानाचा आहे: एका बाजूच्या 35 अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत 28 सेकंदांच्या आत. झिजलेल्या पिस्टनमधून तेल आतल्या आत गळतं, तेल तापून पातळ झालं की गळती वाढते आणि सुकाणू रेंगाळायला लागतं. म्हणून तेल कामाच्या तापमानाला आल्यावर, पंप लोडवर असताना केस ड्रेनचं, म्हणजे आत गळून पंपाच्या बॉडीतून बाहेर येणारं, तेल मापाच्या भांड्यात धरून मिनिटाला किती लिटर येतं ते मोजा आणि उत्पादकाच्या मर्यादेशी ताडून पाहा. आमच्या मते पैशांचा शेवटचा हप्ता या मापानंतरच द्यावा.

सुकाणूच्या बुशमध्येही, म्हणजे त्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीतही, असाच प्रकार होतो. क्लासची मान्यता असलेल्या सिंथेटिक बेअरिंगच्या नावाखाली त्याच रंगाचा साधा नायलॉनचा पाइप गळ्यात मारतात. ड्रायडॉकमध्ये (जहाज कोरड्यात घेऊन दुरुस्त करतात तिथे) मापं बरोबर येतात, कारण नायलॉन तेव्हा कोरडा असतो. पुढे तो पाणी पितो आणि फुगतो. बिगरधातू बुशसाठी व्यासावर किमान 1.5 मिमी क्लिअरन्स ठेवण्याचा नियम आहे, तोही सूज आणि उष्णतेने होणारं प्रसरण स्वतंत्रपणे हिशेबात धरून. बुश फुगला की ही जागा भरते, रडर स्टॉक (सुकाणूचा दांडा) जखडतो, हायड्रॉलिक प्रेशर चढतं, आणि दोष मात्र पंपावर येतो. ऑर्डर देतानाच एक कापलेली चकती जास्तीची मागा. तिचं वजन आणि मापं घेऊन घनता डेटाशीटशी जुळवा, मग काही दिवस पाण्यात ठेवून पुन्हा मोजा.

गॅस्केट आणि पॅकिंगच्या बाबतीत ‘ॲस्बेस्टॉस नाही’ एवढ्या छापील ओळीवर विसंबू नका. 1 जानेवारी 2011 पासून कोणत्याही जहाजावर ॲस्बेस्टॉस असलेलं साहित्य नव्याने बसवायला बंदी आहे, तरी ते अजून मालात सापडतं. प्रत्येक बॅचचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या, कारण बसवल्यावर सापडलं तर काढायचा खर्च जहाजमालकाच्या बोकांडी बसतो.

स्टड-बोल्टकडे कुणी फारसं पाहत नाही, आणि याची चिंता आम्हाला सगळ्यात जास्त वाटते. 16 मार्च 1978 रोजी ‘अमोको कादिझ’ या टँकरच्या स्टीअरिंग गिअरच्या हायड्रॉलिक पाइपवरील फ्लँजचे स्टड तुटले, तेल वाहून गेलं, सुकाणू निकामी झालं. जहाज फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या खडकांवर आदळलं आणि सुमारे 2 लाख 20 हजार टन कच्चं तेल समुद्रात गेलं. तिथे बनावट मालाचा प्रश्न नव्हता, पण एका फ्लँजच्या स्टडवर किती भार असतो ते त्यातून कळतं. बाजारात मात्र डोक्यावर ग्रेडचा शिक्का असलेले आणि आत साधं पोलाद असलेले बोल्ट मिळतात. प्रत्येक बॅचमधले दोन-तीन काढून त्यांची हार्डनेस तपासणी करून घ्या.

रडर स्टॉकसारख्या फोर्जिंगला (ठोकून घडवलेल्या भागाला) 3.1 प्रकारचं धातू-तपासणीचं सर्टिफिकेट पुढे केलं जातं. ते कारखान्याच्या स्वतःच्या तपासणी विभागाचं असतं. 3.2 वर स्वतंत्र निरीक्षकाचीही सही असते, आणि क्लासच्या वस्तूला बहुधा तेच लागतं. हीट नंबर (धातूच्या एका ओतणीचा क्रमांक) धातूवर ठोकलेला हवा. लांब सळईतून तुकडा कापला असेल तर शिक्का सर्वेअरसमोर (क्लासच्या निरीक्षकासमोर) नव्या तुकड्यावर उतरवला गेला का, हे त्याच क्लासच्या कार्यालयाला विचारा. फोन नंबर मात्र त्यांच्या वेबसाइटवरून घ्या, सर्टिफिकेटवर छापलेला नको.

पैसे भरायच्या आदल्या दिवशी ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल आला तर व्यवहार तिथेच थांबवा आणि जुन्या, आधी बोललेल्या नंबरवर फोन करा. असा मेल अनेकदा विक्रेत्याचा नसतोच. त्यांचा पत्रव्यवहार वाचणाऱ्या तिसऱ्याचा असतो, आणि पत्त्यात एखादंच अक्षर वेगळं असतं. माल बनावट निघाला तर तो लगेच परत पाठवू नका. खोका, लेबल, नेमप्लेट आणि बॉडीवरच्या नंबराचे फोटो काढा, सर्वेअरसमोर भाग सील करा आणि त्याचा लेखी अहवाल घ्या. माल एकदा विक्रेत्याच्या हाती परत गेला की दावा सिद्ध करायला फक्त ते फोटो आणि तो अहवाल उरतो.