पिलोनायडल सायनस: ‘१०० टक्के हमी’वर विश्वास ठेवला आणि पोरगं दोनदा टेबलावर गेलं

माझ्या १९ वर्षांच्या मुलाला विचारून हे लिहितोय. पिलोनायडल सायनस म्हणजे कुल्ल्यांच्या फटीत, माकडहाडाजवळ केस रुतून कातडीखाली झालेली, पू धरणारी पोकळी. हा आजारच अशा जागी होतो की माणूस तो कुणाला सांगत नाही, आणि आम्हाला ज्यांनी लुबाडलं त्यांचा सगळा धंदा त्या न सांगण्यावर चालतो.

पोरगा काही दिवस खुर्चीत एका अंगावर तिरका बसत होता. विचारलं की म्हणायचा, “काही नाही बाबा, पाठ अवघडलीय.” मग एका रात्री ताप चढला आणि तो पालथा पडून कण्हायला लागला, तेव्हा कुठे दाखवायला तयार झाला. माकडहाडावर, कुल्ल्यांची फट सुरू होते तिथे डाव्या बाजूला सुपारीपेक्षा मोठं, लालबुंद गळू. हात लावला तर चटका बसावा इतकं गरम. आणि फटीच्या बरोबर मध्यरेषेवर टाचणीने टोचल्यासारखी दोन बारीक छिद्रं. एकातून केस बाहेर आलेला.

रात्री दीड वाजता मी मोबाईलवर शोधत बसलो. ‘चीर नाही, टाका नाही, वेदना नाहीत, पुन्हा होणार नाही याची १०० टक्के हमी’ अशी लेझर उपचाराची जाहिरात दिसली, तिथे नंबर भरला. सकाळी सातच्या आत फोन. बोलणारी मुलगी स्वतःला ‘पेशंट कोऑर्डिनेटर’ म्हणवत होती. इतकं आपुलकीनं बोलली की मला भरून आलं. तिने फोटो मागवला आणि दहा मिनिटांत सांगितलं, “काका, ग्रेड तीन आहे. जन्मजात असतं हे, हाडापर्यंत जातं. आजच करून घ्या.” डॉक्टरांनी अजून मुलाला पाहिलंही नव्हतं.

सेंटरवर डॉक्टरांनी जेमतेम दोन मिनिटं तपासलं. कॅन्सर हा शब्द तिथेच पहिल्यांदा कानावर पडला. त्यानंतर माझं डोकं चाललंच नाही. आजच्या दिवसापुरती सवलत आहे म्हणाले, कर्जाचा फॉर्म टॅबवर तयारच होता. संमतीपत्रात कोणती शस्त्रक्रिया, कोणते धोके, या जागा कोऱ्या होत्या. “नंतर भरतो, तुम्ही सही करा.” मी सही केली. त्या कोऱ्या ओळी मला आजही झोपू देत नाहीत.

चाळीस मिनिटांत त्याला बाहेर आणलं आणि त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी शांत झोपला. आम्ही फसलो ते इथेच. गळवात पू दाटला की ठणका दाबामुळे लागतो. कुठल्याही सर्जनने छोटी चीर देऊन पू काढला तरी तासाभरात तेवढाच आराम पडतो. आम्हाला वाटलं, लेझरची किमया. डिस्चार्जच्या काउंटरवर त्यांनी टॅब पुढे केला आणि मी मनापासून पाच तारे दिले. ते वाचून आणखी कुणी तिथे गेलं असेल तर त्यांची मी माफी मागतो.

पाचव्या आठवड्यात चड्डीवर पिवळसर डाग. मग रोज. वासही यायला लागला. कोऑर्डिनेटरने फोन उचलणं बंद केलं, दुसऱ्या नंबरवरून वेगळाच माणूस बोलायला लागला. हमीचं विचारलं तर म्हणाला, “हमी जुन्या सायनसची होती, हा नवीन आहे.” मग म्हणाला, “तुम्ही केस काढले नाहीत, मुलगा बसून राहिला.” केस काढायचे असतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर त्याचा एक शब्दही नव्हता. शेवटी निम्म्या पैशात ‘टचअप’ करून देतो म्हणाला, तेव्हा माझे डोळे उघडले.

एका ओळखीच्या नर्सने आम्हाला मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमधल्या एका सर्जनकडे धाडलं. त्यांनी पहिलंच विचारलं, “ऑपरेशन नोट कुठेय?” आमच्याकडे होतं ते दोन ओळींचं डिस्चार्ज कार्ड. ‘लेझर’ आणि ‘पेशंटची प्रकृती स्थिर’. छिद्रं किती होती, आत पोकळी कुठवर गेली होती, केस निघाले का, काहीच नाही. बरोबर मध्यरेषेवर दोन सेंटीमीटरचा व्रण होता. ते म्हणाले, हा गळवाला दिलेल्या साध्या चिरेसारखा दिसतोय. लेझर वापरला की नाही हे मला आजही सिद्ध करता येणार नाही. सर्जनच्या सांगण्यावरून बिलात लावलेल्या लेझर फायबरचा (लेझरचा किरण आत नेणाऱ्या बारीक तारेचा) बॅच नंबर सेंटरकडे मागितला, तो त्यांना देता आला नाही.

सर्जननी पाऊण तास समजावून सांगितलं. त्यातलं जे मला आधी माहीत असतं तर आम्ही वाचलो असतो, ते सांगतो.

पिलोनायडल म्हणजे लॅटिनमध्ये केसांचं घरटं. हे नाव १८८० साली हॉजेस नावाच्या डॉक्टरांनी दिलं. हा आजार जन्मजात आहे असं डॉक्टरही बरीच वर्षं समजत होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातल्या हजारो जवानांना तो झाला, जीपमध्ये तासन्‌तास आदळत बसण्याशी त्याचा संबंध जोडून लोक त्याला ‘जीपचा आजार’च म्हणायला लागले. पुढे न्हाव्यांच्या बोटांच्या बेचक्यातही असेच सायनस सापडले. तिथे जन्मजात काय असणार? गळून पडलेले, कापलेले केस कातडीत घुसतात, हे आता बहुतेक सर्जन मानतात. घर्षणाने केस फटीत ओढला जातो, आत रुततो, शरीर त्याला परका समजून भोवती सूज आणि पू धरतं. म्हणून हा आजार जास्त करून वयात आल्यापासून तिशीपर्यंतच्या, दाट केसांच्या आणि बैठं काम करणाऱ्या मुलांना होतो. मुलींनाही होतो. चाळिशीनंतर क्वचितच. हाडाशी त्याचा संबंध नाही. वर्षानुवर्षं वाहत राहिलेल्या सायनसमध्ये कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत, पण फार थोड्या. चार दिवसांच्या गळवाला ती भीती घालणं म्हणजे बापाच्या गळ्यावर सुरी ठेवणं.

लेझर ही पद्धत खोटी नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. निवडक रुग्णांत ती चालते. पण पू भरलेला असताना आधी निचरा करतात, तीही चीर शक्यतो मध्यरेषेच्या बाजूला घेऊन. सूज ओसरली की मग मुळावरचा इलाज ठरवतात. नुसत्या अँटिबायोटिकनेही साचलेला पू जात नाही. काहींना निचऱ्यानंतर पुन्हा त्रासच होत नाही, काहींना होतो. कोणत्याही पद्धतीत आजार उलटू शकतो. “म्हणून मी हमी देत नाही,” ते म्हणाले, आणि त्याच क्षणी मला त्यांच्यावर भरवसा बसला.

त्यांनी कागदावर समभुज चौकोन काढून लिंबर्ग फ्लॅप दाखवला. खराब भाग त्या आकारात काढायचा, शेजारची निरोगी कातडी चरबीसकट फिरवून तिथे बसवायची. फट उथळ होते, टाके खोल मध्यरेषेत येत नाहीत. मध्यरेषेवर सरळ शिवलेली जखम उसवण्याचं आणि आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. एखादा कोपरा उघडू शकतो, आत द्रव साठू शकतो, व्रण दिसेल, बधिरपणा येईल, हे सगळं त्यांनी संमतीपत्रात आमच्यासमोर लिहिलं, मग सही मागितली.

ऑपरेशननंतर त्यांनी स्टीलच्या वाटीत काढलेलं मला दाखवलं. लांबट पोकळीचा तुकडा, आणि त्यातून चिमट्याने ओढलेला ओल्या केसांचा झुपका. पंधरा-वीस तरी केस असतील. एकालाही मूळ नव्हतं. पहिल्या ठिकाणी आम्ही ज्याचे पैसे मोजले होते, ते सगळं अजून आतच होतं.

बाराव्या दिवशी खालचा कोपरा खरंच उघडला. सांगून ठेवलेलं असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. साडेपाच आठवडे मी रोज ड्रेसिंग केलं. तो पालथा, मान उशीत खुपसून. मी दातात टॉर्च धरून. सलाईनने धुवायचं, ओला गॉज सैल ठेवायचा, कोंबायचा नाही. जखम तळापासून वर भरत आली पाहिजे. वरची कातडी आधी जुळली तर खाली पोकळी राहते आणि पुन्हा तेच. तळाशी लाल दाणेदार मांस दिसलं की चांगलं. कडेला एक केस पडलेला दिसला तरी माझा जीव वरखाली व्हायचा. पहिल्या काही दिवसांत तो मला “सॉरी बाबा” म्हणायचा. नंतर त्या वेळात आम्ही गप्पा मारायला लागलो. इतक्या गप्पा आम्ही आधी कधी मारल्या नव्हत्या.

पहिल्या सेंटरला मी तीन लेखी पत्रं पाठवली. स्वतःच्या उपचाराची कागदपत्रं मागणं हा रुग्णाचा हक्क आहे, तोंडी मागू नका, पोच घेऊन मागा. तिसऱ्या पत्रानंतर ऑपरेशन नोट आली, तीही पोकळीच्या लांबीची जागा कोरी ठेवून. सोबत निरोप आला: अर्धे पैसे परत करतो, याबद्दल कुठेही बोलणार नाही असं लिहून द्या. मी लिहून दिलं नाही. तक्रार चालू आहे.

जखम भरून सात महिने झाले. तो दर तासाला उठून चार पावलं चालतो, मी दर दोन आठवड्यांनी तिथले केस ट्रिमरने काढून देतो. परवा हे लिहिलेलं त्याला वाचायला दिलं. वाचून म्हणाला, “बाबा, एक राहिलं. मी लाजेपोटी ११ दिवस गप्प बसलो होतो, तेही लिहा.”