शेतकरी नवऱ्याच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचे हे चोपडा तालुक्यात केळी आणि कापूस करतात. लॅपटॉप त्यांना लागतो तो मजुरीचा हिशेब, केळीच्या गाड्यांची नोंद, सातबारा, महाडीबीटीवरचे अर्ज, फळपीक विम्याची कागदपत्रं आणि व्हॉट्सॲप वेब एवढ्यासाठी. मशीन सातव्या पिढीचं आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, एसएसडी नंतर बसवून घेतलेली. चालायला ठणठणीत. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पळवाट काढून 11 टाकता येतं, पण ज्या लॅपटॉपवर बँकेचं लॉगिन होतं त्यावर मला ते नको होतं. विंडोज 10 ला ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, म्हणजे प्रश्न फक्त वर्षभर पुढे जातो. गूगलच्या क्रोमओएस फ्लेक्स ह्या सिस्टिमचाही विचार केला, पण ते बहुतेक नेटवर चालतं आणि आमच्या मळ्यात रेंज विहिरीजवळ येते, घराजवळ जाते. नवीन लॅपटॉपचे पैसे त्या दिवसांत ठिबकच्या नळ्यांना लागणार होते.

म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट 22 ही सिस्टिम टाकली, तिची सिनॅमन नावाची मांडणी. फुकट आहे, 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, म्हणजे ह्यांच्या हाताला सवयीच्या जागी. मी टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच चालू करून वायफाय, कॅमेरा, आवाज बघून घेतला. हे प्रत्येकाने करावं, त्यात डिस्कवरच्या कुठल्याही फाइलींना धक्का लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला मराठी टायपिंगमध्ये. विंडोजवर हे रोमन अक्षरांत अख्खा शब्द लिहायचे आणि मराठी उमटायचं. मिंटमध्ये मी त्यांना कागप, फोनेटिक हा मराठी कीबोर्ड लावून दिला. त्यात अक्षर आवाजाप्रमाणेच असतं, पण जोडाक्षरासाठी मध्ये एफ दाबावा लागतो. ‘हप्ता’ लिहायला एच, पी, एफ, टी आणि मग शिफ्ट धरून ए. पहिल्या दिवशी पडद्यावर ‘हपता’ बघून म्हणाले, “हाई काय शे?” मी एका कागदावर त्यांच्या रोजच्या कामाचे शब्द, खत, हप्ता, मजुरी, घड, गट क्रमांक, कळांसकट लिहून कीबोर्डशेजारी चिकटवले. आता तो कागद निघालाय आणि त्यांची जोडाक्षरं माझ्यापेक्षा शुद्ध येतात.

फॉन्टचं दुखणं मात्र अजून आहे. दुसऱ्यांच्या फाइली बऱ्याचदा मंगल फॉन्टात येतात. तो विंडोजसोबत येतो, मिंटमध्ये नसतो. मिंटमधलं लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायचं) दुसरा फॉन्ट लावून फाइल उघडतं, मजकूर नीट वाचता येतो, पण ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर जातो. त्यामुळे पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवायचं, हे ठरवून टाकलं. एक्सेलच्या साध्या हिशेबाला काही त्रास नाही. फाइल एक्सेलच्या एक्सएलएसएक्स प्रकारातच सेव्ह व्हावी हे सेटिंग पहिल्याच दिवशी बदलून घ्या.

खरा फायदा भारनियमनात कळला. आमच्याकडे वीज पाळीने येते, इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, त्यातही रोजचा डेटा मोजका. मिंट अपडेट आहे एवढंच सांगतं, आपण बटण दाबल्याशिवाय टाकत नाही. अर्ज भरताना मशीन आपणहून रीस्टार्ट झालं नाही की डेटा मध्येच संपला नाही. मी रविवारी अपडेट करते. त्याआधी टाइमशिफ्ट ह्या प्रोग्रामने सिस्टिमची प्रत घेतलेली असते, बिघडलं तर मागे जाता येतं. उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास गेला तेव्हा पंखा फिरलाच, त्यात कुठलीही सिस्टिम फार काही करत नाही.

घरातला जुना लेझर प्रिंटर मिंटला जोडता आला नाही. मी त्यावर आणखी वेळ घातला नाही. पीडीएफ मोबाइलवर पाठवून हे गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढतात.

ह्याहून मोठी अडचण मदतीची आहे. मी नोकरीला जळगावला, बसने जाऊन-येऊन दिवस जातो. पुतण्याला विंडोज येतं, मिंट बघितलं की तो हात लावत नाही. म्हणून मी एनीडेस्क टाकून ठेवलंय आणि बसमधून मोबाइलवरच त्यांचा पडदा उघडून बघते. रेंज नसेल तर तेही नाही. त्यामुळे घरात तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिनक्स येत नसेल तर आधी ह्याची सोय करा. टॅली वापरणाऱ्या दुकानदाराला मात्र मी हे सुचवणार नाही. टॅली विंडोजसाठीच बनतं आणि हिशेबाच्या माणसाला मधल्या जुगाडावर ठेवणं बरोबर नाही. तिथे नवीन लॅपटॉपचे पैसे बाजूला काढलेले बरे.