मुलांच्या कादंबऱ्यांसाठी ई-रीडर: ६ इंची किंडल, कोबो क्लारा आणि छापील प्रत

८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या साधारण ३० ते ५५ हजार शब्दांच्या असतात. प्रकरणं छोटी, मधूनमधून काळी-पांढरी चित्रं, सुरुवातीला एखादा नकाशा, आत कुणाचं तरी पत्र किंवा डायरीचं पान. ई-रीडरची (ई-पुस्तकं वाचण्याच्या उपकरणांची) परीक्षणं मात्र मोठ्यांचं वाचन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. बॅटरी किती दिवस चालते आणि पान किती झटकन उलटतं, एवढ्यावर ती संपतात. तो नकाशा वाचता येतो का, पत्रातली अक्षरं मोठी करता येतात का, तिसऱ्या प्रकरणातला धागा शोधायला मुलाला सहज मागे जाता येतं का, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

निकाल आधीच सांगून टाकायचा तर, लांबलचक मालिका, जाडजूड कल्पनारम्य कादंबऱ्या आणि मोठ्या अक्षरांची गरज असलेला वाचक यांच्यासाठी ६ इंची ई-रीडर छापील प्रतीपेक्षा सरस आहे. रहस्यकथा, नकाशावर चालणाऱ्या गोष्टी, पद्यात लिहिलेल्या कादंबऱ्या आणि चित्रांनी भरलेली पुस्तकं कागदावरच घ्यावीत.

साधं किंडल (२०२२ आणि २०२४ चं मॉडेल) १५८ ग्रॅमचं आहे, पडदा ६ इंची, ३०० पीपीआय (इंचाला ३०० ठिपके; जितके जास्त तितकी अक्षरं रेखीव). किंडलच्याच पेपरव्हाइट या मॉडेलचा (२०२४) पडदा ७ इंची, वजन २११ ग्रॅम. ते पाण्यात टिकतं आणि त्याचा प्रकाश पिवळसर करता येतो. साध्या मॉडेलमध्ये या दोन्ही सोयी नाहीत. तरीही ९-१० वर्षांच्या हाताला साधं किंडल जास्त जमतं, कारण ते एका हातात अंगठा आणि तळव्यामध्ये बसतं आणि कुशीवर पडून वाचताना मनगट दुखत नाही. कव्हर घातलं की दोन्ही उपकरणं बरीच जड होतात, हे धरून चालावं. कोबो क्लारा बीडब्ल्यू या दोघांच्या मधे बसतं: ६ इंची, ३०० पीपीआय, १७४ ग्रॅम, आयपीएक्स८ दर्जाचं जलरोधक आणि पिवळसर प्रकाशासह. त्यावर ईपब (ई-पुस्तकांचा एक प्रचलित प्रकार) फाइल यूएसबीने थेट टाकता येते, आणि जिथे ग्रंथालयं ओव्हरड्राइव्ह या ई-पुस्तकं उसनी देणाऱ्या सेवेवर आहेत तिथे उपकरणावरूनच पुस्तक उसनं घेता येतं. कोबोने २०२४ च्या मॉडेलांसाठी आयफिक्सिट या दुरुस्तीत मदत करणाऱ्या कंपनीबरोबर दुरुस्तीचे सुटे भाग आणि मार्गदर्शन देण्याची सोय केली आहे. मुलाच्या हातातल्या वस्तूच्या बाबतीत मला हा मुद्दा मोठा वाटतो.

रंगीत पडद्याच्या मोहात या वयासाठी पडू नये. कोबो क्लारा कलरसारख्या पडद्यावर काळा मजकूर ३०० पीपीआयचा असला तरी रंग १५० पीपीआयवर येतात, आणि वरच्या रंगगाळणीमुळे पार्श्वभूमी जरा काळपट दिसते, त्यामुळे दिवसाही आतला दिवा लावावा लागतो. कादंबरीतली चित्रं बहुधा काळ्या शाईचीच असतात. मुखपृष्ठ रंगीत दिसणं सोडलं तर हाती फारसं लागत नाही.

उपकरण मुलाच्या हाती देण्याआधी अर्धा तास त्यावर घालवणं सक्तीचं समजा. किंडल कोरं उघडून दिलं तर त्यातल्या अर्ध्या सोयी गोष्टीच्या मधे येतात. आधी पिन घालून दुकान आणि ब्राउझर बंद करा. मग ‘पॉप्युलर हायलाइट्स’ बंद करा. इतर वाचकांनी अधोरेखित केलेलं वाक्य आधीच रेघ मारून समोर आलं की ‘इथे काहीतरी महत्त्वाचं आहे’ हे मुलाला फुकटात कळतं. पानाच्या तळाशी ‘प्रकरण संपायला ७ मिनिटं’ असं दिसत असेल तर तेही बदला. हळू वाचणारं मूल त्या आकड्याशी शर्यत लावतं आणि संवाद गाळून पुढे पळतं. खालच्या डाव्या कोपऱ्यावर टिचकी मारत गेलं की ही माहिती बदलते. पानाचा क्रमांक ठेवा किंवा सगळंच रिकामं ठेवा. लहानांच्या प्रोफाइलमध्ये रोजच्या वाचनाचं लक्ष्य आणि बॅज असतात. सुरुवातीला मुलांना ते आवडतात, पण पुढे वाचन मिनिटांसाठी होऊ लागतं. मी ते वापरणार नाही.

‘डिस्प्ले कव्हर’ मात्र आठवणीने चालू करा. छापील पुस्तक प्रत्येक वेळी उचलताना मुखपृष्ठ, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव डोळ्यांखालून जातं. ई-रीडर थेट सोडलेल्या पानावर उघडतो, म्हणून अख्खी कादंबरी वाचून झाल्यावरही ‘पुस्तकाचं नाव काय होतं?’ याचं उत्तर मुलाला देता येत नाही. ही सोय चालू असली की बंद पडद्यावर चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ राहतं. लॉकस्क्रीनवर जाहिराती दाखवणाऱ्या आवृत्तीत ते जमत नाही. मुलासाठी घेताना जाहिरातींविनाच घ्या.

आता अक्षरं. एका ओळीत ७ ते ९ शब्द बसतील एवढा आकार इंग्रजी मजकुरासाठी ठीक. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून ओळींमधलं अंतर एक पायरी वाढवा. आकार वाढवल्यावर दोन्ही कडा सरळ राखणारी मांडणी बिघडते: एका ओळीत चारच शब्द उरतात, त्यांच्यामध्ये रुंद फटी पडतात आणि नजर ओळ सोडून खाली घसरते. अक्षरं आणि मांडणी बदलण्याच्या ‘एए’ मेनूत मजकूर फक्त डावीकडे जुळवण्याचा पर्याय आहे. तो निवडला की फटी जातात. एवढं जमलं की ती मांडणी स्वतंत्र थीम म्हणून साठवून ठेवा, म्हणजे मुलाने चुकून काही दाबलं तरी एका टिचकीत परत येता येईल. ओपनडिस्लेक्सिक हा डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) असलेल्यांसाठी बनवलेला फॉन्ट किंडल आणि कोबो दोन्हीवर आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाला तो दाखवावा, पण आग्रह धरू नये. अक्षरं मोठी आणि ओळी आखूड करण्याचा उपयोग बहुतेकांना त्याहून जास्त होतो. शिवाय आपण मोठ्या अक्षरांचं पुस्तक वाचतोय हे वर्गातल्या कुणाला बाहेरून कळत नाही, आणि अशा मुलासाठी तो फार मोठा दिलासा असतो.

शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ दिसतो. ई-रीडरची मुलांसाठीची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. इंग्रजी पुस्तकांत किंडलचं ‘वर्ड वाइज’ त्याच्याही पुढे जाऊन अवघड शब्दाच्या डोक्यावर आपणहून सोपा अर्थ छापतं. पहिली दोन-तीन प्रकरणं ते चालू ठेवावं आणि मग सूचना कमी करणारी पट्टी सरकवत बंद करावं. सतत चालू राहिलं तर मूल संदर्भावरून अंदाज बांधायचं सोडून देतं. किंडलच्या ‘एक्स-रे’ची गत वेगळी. पात्रांची यादी आणि ती पुस्तकात कुठे कुठे येतात हे त्यात दिसतं. पात्रांची गर्दी असलेल्या मालिकेत ते उपयोगी पडतं, पण दरीत पडलेला मित्र पुढच्या प्रकरणांत आहे की नाही, याचा सुगावाही तिथेच लागतो.

रहस्यकथा कागदावर वाचा असं म्हणण्यामागे एक प्रयोगही आहे. संशोधक आन मांगेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० प्रौढ वाचकांनी २८ पानांची एक रहस्यकथा वाचली, काहींनी छापील, काहींनी किंडलवर. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट सारखेच ठरले, पण घटनांचा क्रम सांगण्यात छापील वाचणारे पुढे राहिले. प्रयोग मुलांवरचा नव्हता, म्हणून तो ताणू नये. तरी रहस्यकथा वाचणारं मूल काय करतं ते पाहा. डाव्या हाताचं बोट तिसऱ्या प्रकरणात अडकवून ते पुढचं वाचतं आणि संशयित खोटं बोलला की दोन्ही पानं ताडून बघतं. ई-रीडरवर यासाठी बुकमार्क करा, मेनू उघडा, यादीतून पान निवडा, मग परत या, एवढं सगळं करावं लागतं. शेवटाचा अंदाजही चुकतो. बऱ्याच ई-पुस्तकांच्या शेवटी मालिकेतल्या पुढच्या पुस्तकाचं एखादं प्रकरण जोडलेलं असतं, त्यामुळे गोष्ट ९० टक्क्यांच्या आसपासच संपते. अजून बरंच उरलंय अशा समजुतीत असलेल्या मुलाचा तिथे विरस होतो.

चित्रं आणि मांडणीचं दुखणं बहुतेक वेळा फाइलमध्ये असतं. छापील प्रतीत दोन पानांवर पसरलेला नकाशा ई-पुस्तकात एका उभ्या पडद्यावर आखडतो आणि गावांची नावं मुंगीएवढी होतात. दोनदा टिचकी मारून तो मोठा होतो, पण मूळ चित्रच कमी दर्जाचं असेल तर नुसता धूसर दिसतो. हस्ताक्षरातलं पत्र अनेकदा मजकूर म्हणून न देता चित्र म्हणून चिकटवलेलं असतं. बाकी पुस्तकाची अक्षरं मोठी करा, पत्र आहे तेवढंच राहतं, आणि त्यातल्या शब्दाचा अर्थही बोट दाबून मिळत नाही. पद्य-कादंबरीत मोठ्या अक्षरामुळे लांब ओळ तुटून खाली येते. फाइलमध्ये तुटलेल्या ओळीला आत सरकवण्याची सोय केलेली नसेल, तर कवीने तोडलेली ओळ कुठली आणि पडद्याने तोडलेली कुठली हे कळायला मार्ग राहत नाही. पडदा आडवा करून पाहा; तरीही तुटत असेल तर छापील प्रत घ्या. मिखाएल एंडे यांची ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’ १९७९ साली लाल आणि हिरव्या अशा दोन शाईंत छापली गेली, खऱ्या जगाला एक रंग आणि कल्पित जगाला दुसरा. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर असा खेळ उभाच राहत नाही. त्या पुस्तकाची छापील प्रत घेतानाही रंगीत शाईची आवृत्ती मागून घ्यावी, कारण काही आवृत्त्यांमध्ये रंगाऐवजी तिरपा टाइप वापरला आहे.

म्हणून विकत घेण्याआधी मोफत नमुना उतरवा. नकाशा मोठा करून नावं वाचा. प्रकरणाच्या सुरुवातीचं मोठं अक्षर शब्दापासून सुटून एकटं पडलंय का ते बघा. अनुक्रमणिकेत प्रकरणांची नावं आहेत की नुसते आकडे, तेही पाहा. नमुन्यात फक्त सुरुवातीची पानं असतात, मधलं पत्र त्यात दिसणार नाही. पत्रं आणि डायऱ्यांवरच उभी असलेली कादंबरी असेल तर ही जोखीम न घेतलेली बरी. चित्रांनंतर पानावर आधीच्या चित्राची फिकट सावली उरत असेल तर ‘पेज रिफ्रेश’ चालू करा. प्रत्येक पानाला पडदा एकदा काळा होईल, पण सावली जाईल.

छापील प्रत घेतो म्हटलं तरी कुठलीही उचलून चालत नाही. पुस्तक उभं धरून कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहा. कागदांचे दुमडलेले छोटे गठ्ठे एकाशेजारी एक दिसले तर ती शिवण बांधणी. सुट्या कागदांची सपाट कड दिसली तर नुसती गोंदाची. गोंदाच्या बांधणीत कण्याकडचा समास १५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल ओळीचा शेवट वाचायला पुस्तक दाबून उघडतं, कणा मधे तडकतो आणि तिथली पानं गळायला लागतात. नवी प्रत आधी मोकळी करून द्यावी. कणा टेबलावर टेकवा, पुढून आठ-दहा पानं उघडून कण्याजवळ हलकेच दाबा, मग मागून तेवढीच, आणि असं करत मध्यापर्यंत या. ८-९ वर्षांच्या वाचकाला १२ ते १३ पॉइंटचा टाइप आणि पानाला २४ ते २८ ओळी सोयीच्या पडतात. याच पुस्तकांच्या छोट्या खिशातल्या आवृत्त्यांत ओळी दाटीवाटीने बसवलेल्या असतात आणि ‘पुस्तक कंटाळवाणं आहे’ ही तक्रार कित्येकदा तिथूनच येते. जॅकेट असलेली पुठ्ठा बांधणीची प्रत वाचताना जॅकेट काढून ठेवावं, ते घसरतं आणि फाटतं. छापील प्रत मैत्रिणीला देता येते, तिच्याकडून दुसरी आणता येते. ई-पुस्तकाचा आपल्याला फक्त वाचण्याचा परवाना मिळतो आणि मुलांमधली ही देवघेव त्यात बसत नाही.

ई-रीडर दप्तरात नेणार असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. ई-रीडरच्या बहुतेक ई-इंक (कागदासारख्या दिसणाऱ्या) पडद्यांच्या थरांखाली काचेची पातळ पाटी असते. पाण्याच्या बाटलीचा किंवा जाड पुस्तकाचा दाब पडला की ती आत तडकते. बाहेरून ओरखडाही दिसत नाही, पण पडद्याच्या एका कोपऱ्यात उभ्या-आडव्या रेघा येतात किंवा अर्धं जुनं पान तसंच गोठून राहतं. यावर पडदा बदलणं एवढाच उपाय. नुसती कापडी पिशवी यापासून वाचवत नाही. पडदा झाकणारं कडक पुठ्ठ्याचं कव्हर घ्या, दप्तरात तो भाग सपाट वहीकडे ठेवा आणि बाटली बाहेरच्या कप्प्यात. वायफाय बंद ठेवलं तर बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते, पण त्यामुळेच चार्जिंगचं भान सुटतं. आठवड्याचा एक वार ठरवून त्या रात्री ते लावून ठेवा. आणि सुरुवातीला त्यात तीन-चारच पुस्तकं भरा: एक मालिकेतलं पहिलं, एक आधी वाचून आवडलेलं, एखाद-दोन अगदी अनोळखी. दोनशे पुस्तकं भरून दिली की मूल पहिली पाच पानं वाचून पुढच्या पुस्तकावर उडी मारत राहतं.